डबी माझ्याकडे होती

लहानपणी माझी वाचा सात महिने गेली होती. आज मला ओळखणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. अकोल्याच्या बाजारात मी कापसानं भरलेल्या बैलबंड्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारतो. मी "बोला" म्हटलं की मूर्तिजापुरात बैल कान टवकारतात. एकदा तर माझ्या आवाजानं स्टेशनात उभी असलेली मालगाडी इंजिनाशिवाय हातभर पुढं सरकली. स्टेशनमास्तरला विचाराल तर तो नाही म्हणेल, पण तो सरकारी माणूस आहे.

असा मी, नऊ वर्षांचा असताना, मुका होतो. लोक विचारतात, काहून गेली होती वाचा? मी सांगतो, वाघ. चिखलदऱ्याच्या वाटेवर समोर येऊन बसला, मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यानं ओरडणंच गिळलं. तीस वर्षं त्या वाघाला मी असा पोसला की आता त्याचं डोकं एलिचपुरात असतं आणि शेपटी धारणीत.

वाघ नव्हता. हे आज पहिल्यांदा कबूल करतो. घरात अफूची डबी होती आणि ती माझ्याकडे होती. ज्यांच्या घरात तशी डबी आहे, आणि ती सांभाळायला एखादं गुणी पोर आहे, त्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो. पुढं मी पदरचं काही घालणार नाही. घातलंच तर तिथंच सांगीन.

उपरण्याखाली

ती वर्षं अमेरिकेतल्या लढाईची. तिकडे माणसं मरत होती, तिथला कापूस अडला होता आणि इकडे वऱ्हाडात कापसाचा भाव चढत होता. एका पाटलानं बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकल्या; हे खरं आहे, पुष्कळांनी पाहिलं. ती चांदी चोरीला जाईल या काळजीनं त्याचे बैल झोपेनात आणि वाळून काटकी झाले. हे मी घातलं.

माझे बाबा दलाल होते. चांदूरबाजारकडची काळी जमीन भावाच्या हवाली करून अमरावतीत आले आणि दोन हंगामांत नाव काढलं. तेव्हा कापसाचा भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि त्याखाली बोटं धरून सौदा करत. जितकी बोटं धरली तितका आकडा. अंगठा मागं वाकवला म्हणजे नाही. मनगट धरलं म्हणजे पटलं. मनगट धरल्यावर कुणी फिरायचं नाही. वरती दोघांचे चेहरे असे, की व्याही व्याह्याला भेटायला आलाय. "लेकरं बरी हायत?" "पाणी कसं हाय तुमच्याकडं?" आणि खाली कुस्ती.

बाबांनी मला ही बोटं सातव्या वर्षी शिकवली. ओसरीवर उपरणं पसरून आम्ही पेढ्यांचे सौदे करायचो. मी त्यांची तीन बोटं धरायचो, ते माझं एक धरायचे, मी त्यांचा अंगठा वाकवायचो, ते "मेलो, मेलो, लुटलं मले या शेटनं" म्हणून आडवे पडायचे. त्या एका खेळापायी मला आजही त्यांना पोटभर शिव्या देता येत नाहीत.

हात हीच दलालाची जीभ. आणि बाबांचा हात थरथरू लागला.

सुरुवात कशी झाली ते घरोघरचं आहे. हंगामात बंड्यांची रांग संपत नसे, पाठ भरून यायची, कुणीतरी गोळी दिली, पाठ उतरली. मग पाठ दुखायची थांबली तरी गोळी थांबली नाही. घेतली की हात दगडासारखा. नाही घेतली की पिंपळाचं पान. चार बोटं धरायला जावं तर पाचवं आपोआप लागायचं. आणि एक घेतल्याचं विसरून दुसरी घेतली, की समोरच्याचं बोट धरून बाबा बसल्या जागी झोपी जायचे.

म्हणून एके दिवशी त्यांनी डबी माझ्या कमरेला बांधली. पितळी होती, सुपारीच्या डबीएवढी.

"गणू, हे तुह्यापाशी ठेव. मांगितली तं एक देजो. दुसरी मांगितली तं देऊ नको. मी पाया पडलो तरी देऊ नको."

ते खरंच पाया पडायचे. चाळीस वर्षांचा माणूस, डोक्याला पागोटं, नऊ वर्षांच्या पोराच्या पायांवर. मी देत नसे. मग शिव्या, मग रडणं. दुसऱ्या दिवशी हात फिरवून म्हणायचे, "तूच माहा बाप रे, गणू." मी फुगायचो. साऱ्या अमरावतीत आपल्या बापाचा बाप झालेला पोट्टा मी एकटाच आहे असं मला वाटे. तसे किती होते हे नंतर कळलं.

माय

माझ्या बहिणीचा, बनीचा जन्म झाला आणि मायला बाळंतवात झाला. ते नाव सुइणीनं दिलं आणि ती निघून गेली. माय किंचाळत नव्हती, वस्तू फेकत नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची आणि हळू आवाजात म्हणायची, "हे लेकरू माहं नाई. माहं घेऊन गेले, हे ठेवून गेले."

मी एकदा विचारलं, "कोण घेऊन गेले व माय?"

"तुले मालूम हाय."

मला मालूम नव्हतं. पण पुढचे आठ दिवस मी ते दुसरं बाळ शोधत होतो. कणगीत पाहिलं, गंजीमागं पाहिलं. लोकांना हे सांगताना मी हसवतो. तेव्हा मी खरोखरच शोधत होतो.

बनीला शेळीचं दूध पाजायचं काम माझं. मायला दोन घास भरवायचं काम माझं. बाबा अंगणात जोडा कसा काढतात ते ऐकायचं कामही माझंच: दोन्ही जोडे एकदम पडले तर ठीक, एक पडून बराच वेळ दुसरा पडला नाही तर आज पाया पडणार. मायची पाठ पाहून मला कळायचं ती जेवेल की नाही. माझं पोट रोज दुखायचं, पण ते कुणाला सांगायचं हे ठरवायला वेळ झाला नाही.

गल्लीतले पोट्टे खेळायला बोलवायला यायचे. त्यांनी घरात डोकावू नये म्हणून मी सांगितलं की आमच्या घरात अस्वल बांधलंय, मेळघाटातून आणलंय, त्याला खायला फक्त पोट्टे चालतात. दोन महिने कुणी फिरकलं नाही. माझ्या थापांचा धंदा तिथं सुरू झाला. लोक म्हणतात उपजत गुण आहे. कसला उपजत? गरज होती.

बनी रडायची. रडतं पोर निजवायला अफूचा कण देणं तेव्हा काजळ घालण्याइतकं साधं होतं. शेतात निंदायला जाणारी बाईही द्यायची आणि शेटाणीही. आमच्याकडे सकाळी डबीतली एक बारीक गोळी द्यायची असं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे जाणार? डबी माझ्याकडे होती.

किती देल्या?

बाजाराचा दिवस. सकाळी मी बनीला तिची एक दिली, तरी ती रडत होती. मग शेळी पिळून येत होतो, दोन्ही हातांनी दुधाचा गडू धरलेला, तर बाबांनी डबी मागितली. हात मोकळा नव्हता, म्हणून मी म्हटलं, कमरेची सोडून घ्या. त्यांनी घेतली, आत गेले, थोड्या वेळानं आणून परत बांधली आणि बाजारात गेले. मी बनीला दूध पाजायला गेलो तर ती निजली होती. बरं झालं म्हटलं आणि मायची चूल पेटवायला घेतली.

ऊन डोक्यावर आलं तरी बनी उठेना. मी हलवलं. हात सोडला की तो नुसता पडायचा. ओठ जांभळाच्या रंगाचे.

"माय! बनी उठत नाई!"

माय भिंतीकडूनच म्हणाली, "निजू दे."

इथं मी पूर्वी विजा पाडायचो, विहिरीतून आवाज काढायचो. तसं काही नव्हतं. स्वच्छ ऊन होतं आणि शेजारी कुणीतरी सरकी पाखडत होतं. तेवढ्यात बाहेर बंडी थांबली. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, तिवश्याहून भावजयीला पाहायला आली होती. ती दारातून "कोठी हायत सारे?" म्हणत आली, बनीकडे पाहिलं, आणि हातातलं गाठोडं टाकलं.

तिनं बनीला खांद्यावर घेतलं. तळपायांवर चापट्या, तोंडावर गार पाणी, अंगणात येरझारा. "उठ व बाई. उठ. निजू नको. उठ व." ऊन कलंडलं तरी ती थांबली नाही. बनी रडली तेव्हा तो आवाज इतका बारीक होता, की मला वाटलं कुठंतरी मांजराचं पिल्लू अडकलंय. तेव्हा कुठं आत्या येरझारा घालायची थांबली.

तोवर बाबा आले होते. दारात उभे होते.

"किती देल्या रे?" आत्यानं मला विचारलं.

"एक."

"एवढ्यानं नाई होत असं. खरं सांग, मी मारत नाई तुले."

"एकच देल्ली आत्या."

"दोन देल्या असन त्यानं," बाबा म्हणाले. रागानं नाही, समजूत घालतात त्या आवाजात. "भेलं हाय पोट्टं. भेलं म्हणून एक म्हणते. हो ना रे गणू? दोन देल्या ना?"

बाबा खोटं बोलतात हे मला माहीत होतं. मीच त्यांच्यासाठी किती बोललो होतो. बाबा झोपलेत, बाबा गावाला गेलेत, बाबांना ताप आहे. पण ते माझ्याशी खोटं बोलत नसत. तसा आमचा करार होता, निदान माझ्या मनात. मग ते दोन म्हणतात म्हणजे दोनच असणार. मी मनातल्या मनात सकाळ पुन्हा केली. डबी उघडली, एक काढली. की दोन? चिकटून आल्या असतील? मला आता काढताना दोन दिसू लागल्या.

तिसऱ्यांदा आत्यानं विचारलं. मी एक म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

निदान

आधी वाटलं घाबरलाय, येईल. मग वैद्यानं जिभेला काहीतरी घासलं. मग भगतानं लिंबं कापली. आठ दिवसांत गल्लीत वाघ फिरू लागला होता. तो बाबांनी सोडला. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "भावासंगं चिखलदऱ्याकडं पाठवला होता, वाघ पाह्यला." त्यांचा वाघ साधा होता, नेहमीच्या मापाचा. वाढवला मी.

शेवटी आत्यानं सरकारी दवाखान्यात नेलं. बाबा सोबत आले, कारण न येणं वाईट दिसलं असतं. डॉक्टर कोकणातला, बारीक अंगाचा, चष्म्यातून बघणारा. त्यानं मला आ करायला लावलं, खोकायला लावलं. मी खोकलो तर चांगला खणखणीत आवाज आला.

"गळा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला. "घरात काय घडलं?"

"वाघ पाह्यला जी त्यानं," बाबा म्हणाले.

"घरात?"

"नाई जी, वाटेनं."

डॉक्टरनं चष्मा काढला आणि बाबांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. "तुम्ही किती घेता?"

"काय?"

"अफू."

"मी कायले घेऊ? आजारी पोट्टा हाय का मी?"

"तेच विचारतोय," डॉक्टर म्हणाला.

बाबा पागोटं सावरत उठले आणि निघून गेले. मी त्यांच्या मागं जायला उठलो, कारण त्या वेळी त्यांना डबी लागणार होती. डॉक्टरनं माझा हात धरला. मग माझ्या कमरेकडे पाहिलं. आत्याला म्हणाला, "या मुलाच्या जिभेला काहीही झालेलं नाही. याला थोडे महिने कुणाचीही चाकरी करू देऊ नका. आईबापांचीसुद्धा." आणि एक तांबडं औषध दिलं. ते साखरपाणी होतं. मला फार आवडलं.

माझ्या आयुष्यातलं एकमेव खरं निदान त्या माणसानं केलं. त्याला त्याबद्दल कुणी एक नारळसुद्धा दिला नाही.

रिद्धपूर

तेव्हा आमच्याकडे वाताचं, डोक्यावर परिणाम झालेलं माणूस रिद्धपूरच्या देवस्थानात नेऊन ठेवत. आत्यानं मायला, बनीला आणि मला बंडीत घातलं. निघताना बाबांनी नुसता हात पुढं केला. मी डबी सोडून दिली. कमरेवर तिचा गोल वण पडला होता, पुढं कितीतरी दिवस मी तिथं चाचपायचो आणि दचकायचो.

रिद्धपुरात एका मठाच्या पडवीत आम्हाला जागा मिळाली. सकाळी अंघोळ, मग देवाच्या ओट्यापाशी बसायचं, मग जेवण, मग पुन्हा बसायचं, संध्याकाळी आरती. आमच्यासारखी पुष्कळ घरं होती. कुणी घुमायचं, कुणी तासन्तास हसायचं. एक तगडा गडी दिवसभर आपलं नाव विचारत फिरे. मी त्याला सांगू शकत नव्हतो, म्हणून तो माझ्याजवळ बसायचा. बाकी सगळे त्याला उत्तर देऊन देऊन थकले होते.

काळ्या वस्त्रातली एक म्हातारी तपस्विनी होती. सगळे तिला आक्का म्हणत. आत्या सगळ्यांना माझ्या वाचेची कहाणी सांगायची आणि लोक मला "बोल बाबू, दंडवत म्हण" म्हणून डिवचायचे. आक्का एकदा म्हणाली, "त्याले बोलू नका लावू. थो उभा हाय इतकं बस हाय." मग मला एक खराटा दिला. पण अंगण झाडून घ्यायला नाही. म्हणाली, "धरून बस." मी तो खराटा धरून कित्येक दुपारी नुसता बसलो. कामासारखं दिसेल असं काहीतरी हातात होतं आणि काम नव्हतं. एवढं सुख मी पुन्हा भोगलं नाही.

मायसाठी मात्र मला चैन पडेना. एके दिवशी तिच्या शेजारी बसून मी तिचा पदर ओढला, आमच्या हातांवर टाकला आणि खाली तिची दोन बोटं धरली. दोन भाकरी खाणार का, असं मला म्हणायचं होतं. तिला कळायला दिवस लागले. मग एके सकाळी पदराखाली तिनं माझा अंगठा मागं वाकवला आणि एक बोट धरलं. एकच भाकरी. भिंतीकडे तोंड तसंच. पण सौदा झाला होता. मी तिचं मनगट धरलं.

हळूहळू ती भिंतीकडून वळली. मग एकदा बनीकडे पाहून, जशी कुणाच्या पोराची चौकशी करावी तशी, "हिचे केस तुह्यासारखे हायत" म्हणाली. आत्या तोंडात पदर कोंबून बाहेर गेली.

माझी वाचा आली ती अशी. बनीला दात येत होते, दुपारभर रडत होती. पडवीत एक बाई होती, स्वभावानं गरीब, आपल्या वेड्या दिराची सेवा करायला आलेली, अंगावर तान्हं मूल. तिला आमची दया आली. "आणा इकडं लेकरू, माह्यापाशी गोळी हाय," म्हणत तिनं बटवा उघडला, कण चोळला, आणि बनीच्या ओठाशी बोट नेलं.

"नको!"

कबुतरं उडाली. हे घातलेलं नाही, खरंच उडाली. मी पुन्हा ओरडलो. "नको! देऊ नको! नको!" सात महिन्यांत साचलेलं सगळं त्या एका शब्दातून बाहेर पडत होतं आणि संपत नव्हतं.

सारा मठ धावला. वाचा आली, देवानं वाचा दिली. लोकांनी मला उचलून ओट्यापाशी नेलं, दंडवत घातले, आत्यानं गूळ वाटला. सगळ्यांनी विचारलं, "कसं वाटते रे आता?" नको म्हणजे काय नको, हे कुणी विचारलं नाही. एकट्या आक्कानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. आणि त्या गरीब बाईनं बोटावरचा कण वाया जाऊ नये म्हणून आपल्या तान्ह्याला चाटवला.

नंतरचं

आम्ही परतलो तेव्हा अमेरिकेतली लढाई संपली होती. कापूस पडला. चांदीच्या धावा उतरल्या. बाबांचा हात आता सगळ्यांना कळला होता. त्यांच्यासमोर उपरणं टाकायला कुणी बसत नव्हतं.

"बोल, माह्या बापा, बोल," म्हणत त्यांनी मला पोटाशी धरलं.

"बाबा," मी म्हणालो.

ते खूप रडले. डोळे पुसले. मग कनवटीची डबी सोडून माझ्या हातात ठेवली.

डॉक्टरनं सांगितलेलं आत्याला आठवत असेल, पण ती तिवश्याला गेली होती. मी डबी कमरेला बांधली. अजून आठ वर्षं ती तिथं होती. आम्ही अकोल्याला गेलो. बाबा मालधक्क्यावर कापसाच्या गाठींवर खुणा मारायचं काम करायचे, जमेल तेव्हा. माय बरी असायची आणि नसायची. आभाळ भरून आलं की ती भिंतीकडे वळायची; ती पुन्हा वळेल का, हे मी पावसाळ्याआधीपासून बघू लागायचो.

वाचा आली म्हणजे आजार गेला असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. पण माझा माझ्या हातावरचा भरवसा जो गेला तो गेलाच. दार लावलं की नाही, दिवा मालवला की नाही, भाजीत मीठ एकदा घातलं की दोनदा. हर्रासाचा शेवटचा आकडा मी तीनदा पुकारतो. नवे दलाल समजतात बाजाराचा रिवाज आहे. रिवाज माझ्या दुखण्यातून पडलाय.

माझी स्वतःची लेकरं दुपारी निजली की मी त्यांना हलवून पाहतो. बायको चिडते. "निजू द्या ना जी लेकराले! निजलं लेकरू कोणी उठवते काय?" मी म्हणतो, माशी बसली होती. आतापर्यंत माझ्या घरात इतक्या माश्या झाल्यात की त्यांची वेगळी नगरपालिका करावी लागेल.

बनी चांगली वाढली, अकोल्यातच दिली, चार लेकरांची आई आहे. बोलण्यात मला भारी आहे. एवढंच, की ती निजली की गाढ निजते, आणि मी तिच्याकडे गेलो आणि ती निजलेली असली तर अंगणातच बसून राहतो.

मनगट

डबीच्या त्या आठव्या वर्षी बाबांना लकवा झाला. जीभ गेली, उजवं अंग गेलं, डावा हात राहिला. आता घरात मुके ते होते. मला यावर एखादी गंमत सुचायला हवी होती, पण सुचली नाही.

एके सकाळी मी त्यांना पेज भरवत होतो. माय चुलीपाशी होती, त्या दिवसांत ती बरी होती. बाबांनी डाव्या हातानं खाटेवरचं उपरणं ओढलं आणि आमच्या हातांवर टाकलं. मला वाटलं पेढे. खरंच वाटलं.

खाली त्यांनी माझी दोन बोटं धरली. दोन. मी वाट पाहिली. त्यातलं एक बोट त्यांनी ओढून माझ्याच छातीकडे वळवलं. मग दुसरं धरलं, आणि मोठ्या कष्टानं, हात हलवत हलवत, ते आपल्या छातीला लावलं. तिथंच दाबून ठेवलं.

दोन. एक तुझी, एक माझी.

मला दुधाचा गडू दिसला. कमरेची डबी सोडणारी त्यांची बोटं दिसली, आणि आत रडणारी बनी ऐकू आली. मी गडू घेऊन आत गेलो तेव्हा ती गप्प झाली होती, आणि मी बरं झालं म्हटलं होतं.

बाबांनी उपरण्याखाली हात उलटा केला आणि मनगट माझ्यासमोर धरलं. त्यांचे डोळे गळत होते. हात थरथरत होता, पण सकाळची गोळी तर त्यांनी घेतलेली होती; ही थरथर अफूची नव्हती. मनगट धरलं की सौदा पक्का. मग त्यातून कुणी फिरायचं नाही.

"काय म्हणून राह्यले रे?" मायनं चुलीकडून विचारलं.

"पाणी मांगून राह्यले," मी म्हणालो.

बोटांच्या त्या भाषेत पाण्याला खूण नाही. हे मायला माहीत होतं, तिला ती मीच शिकवली होती. तिनं एकदा उपरण्याकडे पाहिलं. मग उठली, तांब्या भरला आणि आणून दिला. मी बाबांना दोन घोट पाजले. त्यांनी मनगट तसंच ठेवलं होतं. मी हात काढून घेतला नाही. धरलंही नाही.

दोन दिवसांनी ते गेले.

आत्या त्याच्या आधीच गेली होती. ती मरेपर्यंत मला प्रेमानं म्हणायची, "होते रे, लेकराच्या हातून होते. दोन गेल्या तं गेल्या." तिला आता ऐकू जाणार नाही. बनीला ही हकिगत मी कधी सांगितलेली नाही. हा कागद वाचून तिला कळेल, आणि मी अंगणातच का बसून राहतो हेही कळेल. ज्या घरांत आज पोराच्या कमरेला डबी आहे, तिथल्या लोकांना सांगायचं ते डॉक्टर सांगून गेला आहे. मला एवढंच सांगायचंय, आणि तीनदा नाही, एकदाच.

आत्या, मी एकच दिली होती.